जुन्या रॅमशेजारी आणखी एक, की नवी जोडीच?

आठ जीबीचा लॅपटॉप, वीसेक टॅब उघड्या, त्यात टॅली आणि ऑफिसची मीटिंग. माउस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलतो. रॅम वाढवायची हे ठरलेलं असतं, अडतं ते पुढे: जुन्या आठशेजारी आठ टाकावी, सोळा टाकावी, की दोन्ही नव्या घ्याव्यात?

त्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती बदलता येत नाही. ‘एसओडिम’ (म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची पट्टी, बोलीत स्टिक) दिसलं आणि स्लॉट रिकामा असला, तर पुढे वाचा.

आठ अधिक आठ हा सगळ्यात स्वस्त मार्ग आणि बहुतेकांना पुरेसाही. दोन सारख्या स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा फायदा चांगलाच जाणवतो, कारण तिथे ग्राफिक्ससुद्धा याच रॅमवर जगतं. फक्त जुनी स्टिक काढून तिचं लेबल वाचा. माझ्या स्टिकवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही’ असं होतं. पीसी४ म्हणजे डीडीआर४ ही रॅमची पिढी, २६६६ हा वेग, आणि व्ही म्हणजे सीएल १९, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती थांबते त्याचं माप. कंपनी तीच हवी असं नाही. ३२०० ची स्टिक घेतलीत तरी ती सहसा २६६६ वर उतरून मुकाट चालते.

पिढी मात्र चुकून चालत नाही. डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२. हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बसतच नाहीत. खरा घोळ डीडीआर३ आणि डीडीआर३एलचा. दोन्हींना २०४ पिना, खाचही तीच, फरक व्होल्टेजचा: १.५ आणि १.३५. कळव्याला बहिणीचा चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप होता. स्टेशनजवळच्या दुकानदाराने ‘डीडीआर३ना, चालेल हो’ म्हणत साधी स्टिक हातात ठेवली आणि मीही लेबल न बघता घेतली. घरी येऊन बसवली, तर दिवा पेटला, स्क्रीन काळीच. त्या पिढीच्या लॅपटॉपला ‘एल’वालीच लागते.

आठ अधिक सोळा म्हणजे चोवीस. इंटेलवर दोन्हींतले आठ-आठ ड्युअलमध्ये चालतात, उरलेले आठ सिंगलमध्ये. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर), व्हिडिओ एडिटिंग असं काही असेल तर मी हेच घेईन. पुढेमागे जुन्या आठच्या जागी दुसरी सोळा टाकता येते. लॅपटॉप जास्तीत जास्त किती पेलतो हे मॅन्युअलमध्ये आधी बघा.

नवी जोडी सगळ्यात निर्धास्त, पण जुनी चांगली स्टिक खणात पडून राहते. जुनी ४ जीबीची असेल किंवा जुन्या-नव्याचं जमत नसेल, तरच तो खर्च करावा. आणि आठ काढून एकटी सोळा? स्लॉट दोन असताना ते कशाला?

घ्यायची कुठून? ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं आणि लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, चार दुकानं हिंडायची, हे जोडी घेताना ठीक. एका स्टिकसाठी मी ठाण्यातच गोखले रोडच्या आसपास बघतो. दोन पैसे जास्त गेले तरी तिथला दुकानदार समोर बसवून, चालू करून दाखवतो आणि बिलावर सिरीयल नंबर टाकतो. जाताना लॅपटॉप सोबतच न्या.

स्वतः बसवणार असाल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, स्टिक तिरकी सरकवा आणि खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टकटक वाजल्या पाहिजेत. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते. घाबरून पॉवरचं बटण दाबत बसू नका.