मारुती जिप्सीचे मागचे ड्रम ब्रेक ठेवायचे की डिस्क ब्रेक बसवायचे?

पावसाळ्यात चिखल तुडवून आलात की मागचा एक ड्रम उघडून बघा. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी म्हणजे शू, आणि त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर. लायनरची काळी भुकटी आणि लाल माती यांचा लगदा शूंना चिकटलेला असतो. ड्रमच्या आत बोट फिरवलं की चरे नखाला लागतात. डिस्कचा विचार डोक्यात येतो तो इथे, आणि तो रास्त आहे. ड्रम म्हणजे बंद डबा. ओढा ओलांडताना आत गेलेलं पाणी लवकर निघत नाही, पहिले दोन-तीन ब्रेक पोकळ जातात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी; ती उघडी असल्याने पाणी लगेच झटकते आणि पाइप मारला की धुऊन निघते. तिला दाबणारे पॅड मात्र चिखलात भराभर झिजतात, हा खर्च धरून चाला.

गाडी लवकर थांबेल म्हणून डिस्क बसवणार असाल, तर तो हिशेब चुकतो. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. जिप्सीला त्या आधीपासूनच आहेत. उलट मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागला, तर ओल्या घाटात मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी होते. चारही चाकांना ड्रम असलेली जुनी जीप असेल तर पैसे आधी पुढच्या डिस्कवर घाला.

माझ्यासाठी निकाल लागतो तो हँडब्रेकवर. ड्रम फिरू लागला की शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे केबलच्या थोड्या ओढीतही गाडी चढावर धरून राहते. डिस्कमध्ये ही ओढ नाही. पॅड दाबणारे कॅलिपर हँडब्रेकची केबल जोडायच्या लिव्हरशिवाय स्वस्तात मिळतात. एका मित्राला तसेच बसवून मिळाले आणि नंतर प्रत्येक उतारावर आम्ही चाकाखाली दगड लावत होतो. ब्रेक ऑइलचा दाब अडवून ठेवणारा लॉक हा त्यावरचा उपाय नव्हे. दाब हळूहळू उतरू शकतो. लिव्हरवाले कॅलिपर मिळत नसतील तर ड्रमच ठेवा, असं मी ठामपणे सांगेन.

2020 नंतरची थार किंवा जिम्नी असेल तर मागचे ड्रम बदलूच नका. तिथे एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच ड्रमच्या हिशेबाने जुळवलेलं आहे.

जिप्सीतही आधी ड्रम नीट करून बघा. ॲक्सलचं ऑइल सील गळून लायनर तेलकट झाले असतील तर दोष सीलचा आहे. सील, नवे लायनर आणि शू-ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर मोकळा करणं, एवढ्यावर अनेकदा काम होतं.

दर आठवड्याला चिखल-पाण्यात जाणारी गाडी असेल तर डिस्क जरूर बसवा. मात्र पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरकडे लक्ष द्या. कॅलिपरला तेल जास्त लागतं, म्हणून पेडल खोल जाऊ शकतं. ड्रमच्या लायनीत दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही काढावा लागतो, नाहीतर पॅड सतत घासून तापतात. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात, ओल्या मातीवर, कमी वेगात जोरात ब्रेक मारा आणि कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी तशीच परत गॅरेजला न्या.