८ महिने लोकल फायबर वापरल्यावर: स्पीड झकास, पण रस्ता सिंगापूरवरून

लातूरहून लिहायलोय. गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर घेऊन आठ महिने झाले, १०० एमबीपीएस, ६०० अधिक जीएसटी म्हणजे महिना ७०८. स्पीड टेस्ट कधीपण मारा, ९५ च्या खाली येत नाही. यूट्यूब पण मस्त, पोरं दिवसभर लावून बसतात. तक्रार वेगळीच आहे अन ती नेमकी काय आहे हे कळायलाच मला लई दिवस गेले.

आमचं मार्केट यार्डात आडत दुकान आहे. तिथं दुसऱ्या मोठ्या कंपनीची लाईन, स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता), हिशोबाचं टॅली तिथल्याच पीसीवर. रात्री जेवण झालं की घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून दुकानापर्यंतचा खाजगी रस्ता) लावून रिमोटवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या टाकायच्या, हे रोजचं काम. घर ते दुकान चार किलोमीटर पण नसंल. पहिले दोन महिने काही त्रास नाही, पिंग (डाटा जाऊन परत यायचा वेळ) २४-२५ मिलीसेकंद, दुकानात बसूनच काम करायलोय असं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात ऐन सोयाबीनच्या सीझनला घाण झाली. दिवसा पिंग ९० च्या पुढं, अन रात्री आठ ते अकरा १८०-२००, वरून मधेमधे पॅकेट, म्हणजे डाटाचे तुकडे, गायब. आता हे नुसत्या आकड्यावरून कळणार नाही म्हणून सांगतो. हमालीच्या रकान्यात ४८० टाकलं, स्क्रीनवर ४८ च दिसायलंय, मला वाटलं शून्य दाबलंच गेलं नाही म्हणून परत दाबलं, मग दोन्ही शून्य एकदम आले अन तोवर मी एंटर मारलेला. ४८०० हमाली कापलेली पट्टी सकाळी शेतकऱ्याच्या हातात. तो म्हणला, "मालक, हमाल विमानानं आणले का?" चूक माझीच होती, पण लाज वाटली.

फोन केला तर ठरलेलं उत्तर, राउटर बंद करून चालू करा. मग त्यांच्याकडचा कामाचा पोरगा आला, मोबाईलवर स्पीड टेस्ट मारली, ९७ दाखवलं अन म्हणला लाईन ओके आहे काका. त्याचं पण खोटं नव्हतं. स्पीड टेस्टचा सर्व्हर त्यांच्याच नेटवर्कात किंवा त्याला चिकटून असतो, यूट्यूबचा डाटा पण गुगलनं जवळच साठवलेल्या कॉपीतून (कॅश) येतो. माझा डाटा जायचा एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत, अन हा जोड त्या टेस्टमध्ये येतच नाही.

एका रात्री वैतागून दुकानच्याच कंपनीचं सिम हॉटस्पॉट करून त्याच लॅपटॉपवर बघितलं. एकदम सुरळीत! म्हणजे लॅपटॉप ठीक, दुकान ठीक, घरची लाईन पण ठीक, भानगड दोन कंपन्यांच्या मधे.

मग घरून दुकानाकडं ट्रेसरूट (डाटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मारला. लातूर, मुंबई, परत लातूर, सरळ रस्ता. (चार किलोमीटरसाठी मुंबईवारी हे आपल्याकडं नॉर्मल आहे, लातुरात या दोघांची गाठच पडत नाही. अंतर साधारण ५०० किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर पळतो, म्हणजे एकदा मुंबईला जाऊन यायला ५ मिलीसेकंद लागतात, ते चालतंय.) पण ट्रेसमध्ये फक्त जायचा रस्ता दिसतो, यायचा वेगळा असू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून घरच्या पब्लिक आयपीकडं उलटा ट्रेस मारला तर मुंबईनंतर एकदम ६०-६५ ची उडी अन राउटरच्या नावात सिंगापूर! २०१६ ला आम्हाला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं, आता डाटा सिंगापूरहून. लातूरकरांच्या नशिबात सगळं लांबूनच.

कारण नंतर कळलं. केबलवाल्यानं नवीन आयपीचा ब्लॉक (पत्त्यांचा गठ्ठा) घेतला होता, माझ्या पब्लिक आयपीचे सुरुवातीचे आकडे बदलले होते ते मी बघितलंच नव्हतं. त्याच्या वरच्या कंपनीनं तो ब्लॉक परदेशातल्या ट्रान्झिटवर (पैसे देऊन घेतलेला रस्ता) जाहीर केला, म्हणजे या पत्त्यांकडं इकडून या असं सांगितलं, अन मुंबईच्या पीअरिंगवर (दोन कंपन्यांची थेट जोडणी) करायचा राहिला. मग दुकानच्या कंपनीला घराकडं यायचा एकच रस्ता दिसायला, सिंगापूरवाला. कंपन्या एकमेकींना रस्ते सांगतात त्या पद्धतीला, बीजीपीला, जवळ-लांब कळत नाही, पाईप रात्री तुंबलाय हे पण कळत नाही. जो रस्ता जाहीर झालाय तो घ्यायचा, अन दोन-तीन असले तर आधी गिऱ्हाईकाचा, मग फुकट पीअरिंगचा, शेवटी पैसे मोजायचा, असं कंपन्या सहसा लावून ठेवतात. देशातला डाटा देशातच फिरावा म्हणून २००३ ला निक्सी ही संस्था काढली, मुंबईत कंपन्यांचा डाटा अदलाबदल करायचे एक्स्चेंज आहेत, पण तिथं आपला ब्लॉक कुणी सांगितलाच नाही तर ते तरी काय करणार.

दोन्हीकडचे ट्रेस, वेळ टाकून, केबलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यानं वरच्या कंपनीकडं तिकीट (तक्रार) टाकलं, वरचे म्हणले समोरच्या कंपनीची चूक, समोरची म्हणली आमच्याकडं सगळं हिरवं. तीन आठवडे हेच. ट्रेसमध्ये मधल्या एखाद्या हॉपवर (वाटेतल्या राउटरवर) लॉस, म्हणजे पॅकेट गायब, दिसला की लोक बोंबलतात, मी पण बोंबललो, पण तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करत असतो. लॉस शेवटपर्यंत टिकला तरच खरा, एवढं त्या तीन आठवड्यांत शिकलो. मग एक दिवस सकाळी बघतो तर पिंग परत २६.

घ्यावं का? घरच्या वापराला, पिक्चर-बिक्चरला बिनधास्त घ्या, फोन उचलतो माणूस. पण दुकान-घर जोडायचं असंल तर दोन्हीकडं एकाच कंपनीची लाईन बघा, नाहीतर आधी ज्याच्याकडं ही लाईन आहे त्याच्या घरी रात्री नऊला बसून ट्रेस मारा, दोन्हीकडून. केबलवाल्याकडचा तो पोरगा परवा आला होता, सहा महिन्यांचं पॅक घ्या काका, स्वस्त पडतंय म्हणला. मी अजून महिन्याच्या महिन्यालाच भरायलोय.