डिसेबिलिटी पेन्शन वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा

माजी सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे नक्की वाचा, आमच्या मोठ्या दादांच्या बाबतीत घडलेलं आहे. दादा मिलिटरीतून रिटायर झाले तेव्हा मेडिकल बोर्डाने मणक्यासाठी ३० टक्के डिसेबिलिटी दिली, ती ड्युटीमुळेच झाली हे पण मान्य केलं. सुटून आलेले बाकीचे फौजी बँकेत नाहीतर एटीएमवर सिक्युरिटीला लागतात, दादांना जास्त वेळ उभंच राहता येत नाही त्यामुळे तो पण रस्ता बंद, घर सगळं पेन्शनवर.

तालुक्याला एक जण येऊन बसायचा, रेकॉर्ड ऑफिसचा (फौजींचे सर्व्हिसचे कागद ठेवणाऱ्या ऑफिसचा) रिटायर क्लार्क म्हणून सांगायचा. पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडिकल कॅटेगरी, बोर्ड, सगळं फौजीसारखं बोलणार, मग कोण संशय घेईल? म्हणाला हवालदार साहेब तुमचे ३० चे ५० टक्के करून देतो, वर सेटिंग आहे, एरिअर म्हणजे मागची थकबाकी लाखात निघेल, त्यातला वाटा माझा. आधी फाइलचे पैसे, मग मुंबईच्या वकिलाचे, मग बोर्डाच्या डॉक्टरचे. ओरिजिनल डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते सर्व्हिसचं पुस्तक) नेलं, सह्या केलेले कोरे चेक नेले. व्हॉट्सअ‍ॅपवर केस नंबर पाठवला, तो आम्ही आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या (फौजींच्या केसेस चालतात ते कोर्ट) साइटवर टाकून बघितला तर केस भलत्याच माणसाची! दादांच्या नावाने काहीच दाखल नव्हतं. तोवर एक चेक वटवून झाला होता आणि फोन बंद.

सगळ्यात जास्त संताप याचा येतो की तो सेटिंग म्हणून जे विकत होता तो सरकारचाच नियम आहे. ५० च्या खालची डिसेबिलिटी ५० धरायची, ५० ते ७५ ची ७५, त्याच्या वरची १००. आधी हे फक्त डिसेबिलिटीमुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळायचं, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने राम अवतार केसमध्ये सर्व्हिस पूर्ण करून आलेल्यांना पण लागू केलं. १०० टक्के डिसेबिलिटीला डिसेबिलिटीचे म्हणून शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे दादांना ३० चे ५० धरले की पगाराच्या ९ च्या जागी १५ टक्के. त्यासाठी बोर्डाचा आकडा बदलायची गरजच नाही. अर्ज करायचा, नाही दिलं तर ट्रिब्युनलला जायचं, मुंबईला बेंच आहे. वकील लागतोच असं नाही, पण लावला तर वकीलपत्रावर सही आपली आणि केस आपल्या नावावर दिसली पाहिजे.

काहीही करायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, तिथे पैसे लागत नाहीत. स्पर्शचा (फौजींच्या पेन्शनची सरकारी वेबसाइट) पासवर्ड, ओटीपी कुणाला देऊ नका, कागद मागितले तर झेरॉक्स द्या.

दादांचं डिस्चार्ज बुक अजून त्याच्याकडेच आहे. पोलिसात तक्रार दिलीय, डुप्लिकेटसाठी सैनिक ऑफिसमार्फत अर्ज केलाय. तो आता शेजारच्या तालुक्यात बसतो असं कानावर आलंय, तुमच्याकडे असा कुणी कागद गोळा करत फिरत असेल तर त्याला काही देऊ नका आणि आधी पोलीस स्टेशनला कळवा.