बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन की कुकर्बिट्युरिल? उत्प्रेरकासाठी कडं निवडताना

चक्राकार रेणूच्या पोकळीत अभिक्रिया घडवून पाहायची आहे आणि प्रकल्पाला जेमतेम वर्ष आहे, तेव्हा गाडी बहुधा बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन आणि कुकर्बिट्युरिल या दोन कड्यांवर येऊन थांबते. पाहुण्या रेणूला, म्हणजे पोकळीत शिरणाऱ्या रेणूला, कोण घट्ट धरतं, हे सगळे विचारतात. मी आधी विचारीन, तयार झालेला रेणू सोडतं कोण?

कुकर्बिट्युरिलला भोपळ्याच्या कुळाचं नाव मिळालं ते त्याच्या आकारामुळे. रसायनज्ञ बेहरेंड यांनी 1905 मध्ये तो पदार्थ बनवला, पण रचना उलगडायला 1981 उजाडलं. 1983 मध्ये मॉक यांनी सहा घटकांच्या कड्यात एक अझाइड (तीन नायट्रोजनांची साखळी असलेला रेणू) आणि एक अल्काइन (कार्बन-कार्बन त्रिबंध असलेला रेणू) आणून बसवले. दोन्ही तोंडांवरच्या कार्बोनिल ऑक्सिजननी त्यांची अमोनियम टोकं धरून ठेवली. ते एकमेकांना जोडले जाण्याचा वेग सुमारे 55,000 पट वाढला, आणि त्यातून होऊ शकणाऱ्या दोन ट्रायअझोलांपैकी (तीन नायट्रोजनांच्या वलयांपैकी) एकच मिळालं, तेही तांब्याच्या उत्प्रेरकाशिवाय. आजही हा प्रयोग वाचताना मन हरखतं. पण ते ट्रायअझोल कड्यातून फार हळू निघतं, आणि तोवर कडं अडकून पडतं. शिवाय सहाचं कडं साध्या पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. सात घटकांचं विरघळतं, पण त्याची पकड आणखी जबर: फेरोसीन या लोहयुक्त रेणूच्या एका द्विअमोनियम संयुगाशी बंधनस्थिरांक (पकडीचं माप) 10¹⁵ च्या वर जातो. संवेदकासाठी हे वरदान, उत्प्रेरकासाठी अडचण.

बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून एन्झाइमने बनवलेलं सात ग्लुकोजचं कडं. पकड बेताची, पोकळी सहा-साडेसहा अँगस्ट्रॉमची. विद्राव्यता मात्र कमी: 25 अंशांना लिटरमागे 18.5 ग्रॅम. 1980 मध्ये रसायनज्ञ ब्रेस्लो यांच्या प्रयोगशाळेत सायक्लोपेंटाडाइनची डील्स-आल्डर अभिक्रिया (दोन रेणू जोडून वलय बनवणारी) बीटात वेगाने झाली, तर अल्फाच्या, म्हणजे सहा ग्लुकोजच्या कड्याच्या, अरुंद पोकळीत उलट मंदावली. ब्रेस्लो यांनी याच कड्यावर दोन इमिडाझोल गट बसवून रायबोन्यूक्लिएज या आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमची नक्कलही केली. तुम्हालाही असे गट जोडता येतील. फक्त टोसिल गट (हवा तो गट जोडण्याआधी बसवायचा, सहज सुटणारा गट) एकाच जागी बसलेलं कडं शुद्ध करायला वेळ राखून ठेवा. कुकर्बिट्युरिलवर गट जोडणं याहून कितीतरी अवघड.

तेव्हा वर्षभराच्या कामाला बीटा घ्या. अभिक्रियाकारकांच्या टोकांना अमोनियम असेल आणि एकाच फेरीतला वेग मोजायचा असेल, तरच सहाच्या कुकर्बिट्युरिलकडे वळा. बीटासोबत तुलनेला अल्फाही मागवा, आणि अ‍ॅडमँटेन कार्बोक्झिलेटही. हे कार्बोक्झिलेट बीटाच्या पोकळीत ठाण मांडतं. ते घातल्यावर वेग खाली आला नाही, तर अभिक्रिया बाहेरच चालली आहे.