एडीएचडी आणि नोकरी: 'ॲक्सेस टू वर्क' की मालकाकडून सवलत?
एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, कामांची आखणी करणं अवघड करणारी मेंदूची स्थिती. ती असलेल्यांना कामात मदत मिळवायचे ब्रिटनमध्ये दोन मार्ग. पहिला 'ॲक्सेस टू वर्क', म्हणजे सरकारी अनुदान, ते परत करावं लागत नाही. कोचिंग, नोट्स घेणारं सॉफ्टवेअर, कामाची आखणी करून देणारा मदतनीस, असा खर्च त्यातून निघतो. निदानाचा कागद लागतोच असं नाही, स्वतःचा व्यवसाय असला तरी चालतं. पण अर्जाच्या निकालाला महिनोन्महिने लागू शकतात. शिवाय फॉर्म, पावत्या, पाठपुरावा हे सगळं ज्याला नेमकं तेच जमत नाही त्याच्याच गळ्यात!

दुसरा मार्ग २०१० च्या समानता कायद्याचा. एडीएचडीचा रोजच्या जगण्यावर ठळक, दीर्घकाळ परिणाम होत असेल, तर वाजवी बदल करणं मालकावर बंधनकारक. गोंगाटापासून लांबची जागा, तोंडी सूचना लगेच ईमेलवर. आधी हेच मागावं. 'ॲक्सेस टू वर्क'चा अर्जही त्याच दिवशी टाकून ठेवावा.