काझुरी, नैरोबी: मण्यांचा कारखाना आणि त्याचे दुकान

केनियातील मसाई मारा अभयारण्याची सहल आटोपल्यावर परतीच्या विमानापूर्वी नैरोबीत अर्धा दिवस हाताशी असेल, तर कॅरन भागातील काझुरी हा मातीच्या मण्यांचा कारखाना आणि त्याला लागूनच असलेले दुकान अवश्य पाहावे. आफ्रिकी हस्तकला म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी फार थोड्या वस्तूंच्या बाबतीत, त्या कोणी आणि कशा घडवल्या हे पैसे मोजण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि काझुरीचे वेगळेपण मला त्यातच दिसते.

सुझन वूड यांनी १९७५ साली दोन केनियन स्त्रियांना हाताशी घेऊन येथे मणी घडवायला सुरुवात केली. दोघीही एकट्याने मुले वाढवत होत्या, आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणींना नियमित कामाची निकड आहे हे उघड झाल्यावर व्याप वाढत गेला. पुढे येथे काम करणाऱ्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत.

कारखाना दाखवायला सोबत माणूस येतो. लांबलचक टेबलांभोवती बसलेल्या बायका गप्पा मारता मारता चिकणमातीचा गोळा तळहातांत वळतात, त्याला भोक पाडतात आणि शेजारच्या ताटात ठेवतात. आकार मोजायला साधन नसूनही ताटातले मणी एका मापाचे वाटतात, मात्र दोन मणी जवळ धरून पाहिले की प्रत्येकाचे वळण वेगळे असल्याचे कळते. वाळलेले मणी घासून गुळगुळीत केले जातात, भट्टीतून एकदा भाजून निघतात आणि मग कुंचल्याने एकेक मणी रंगवला जातो. या टप्प्यावर रंग अगदी फिके, खडूसारखे दिसतात. खरा निळा किंवा गडद लाल रंग दुसऱ्या भाजणीतच उघडतो, आणि त्या वेळी झिलईमुळे मणी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते तारांवर सुटे ओवून भट्टीत ठेवावे लागतात. एवढे पाहिल्यावर दुकानातील किंमत जास्त का, हे विचारण्याची गरज उरत नाही.

गिऱ्हाइकाच्या दयेवर माल खपवण्यासाठी येथे अनाथ मुलांचे फोटो लावलेले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. नैरोबीतीलच दुसऱ्या एका दुकानात अशा फोटोंची भिंतच होती, पण विक्रीतला किती वाटा मुलांपर्यंत पोहोचतो या साध्या प्रश्नाला तेथे कोणालाच धड उत्तर देता आले नाही. युनिसेफच्या गणनेत आई-वडिलांपैकी एक जण गेलेले मूलही अनाथच धरले जाते, म्हणजे त्यांतील पुष्कळ मुलांची आई हयात असते, आणि तिच्या हाती दरमहा पगार पडत असेल तर मुलाला बालगृहात ठेवण्याची वेळच बहुधा येत नाही. केनिया सरकारनेही २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवून मुले कुटुंबातच वाढावीत याकडे आपले धोरण वळवले. त्यामुळे देणगीपेटीत नोट टाकण्यापेक्षा कारागीर बाईच्या मालाला पुरते दाम मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते. दयेपोटी घेतलेली माळ कपाटात पडून राहते, आणि तसे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

आता मालाविषयी. रंगसंगतीत हे लोक फार पुढे आहेत. मातकट तपकिरी आणि मोरपंखी यांचा मेळ असलेली माळ हातमागाच्या सुती साडीवर विलक्षण शोभते. मात्र या माळा वजनदार असतात, आणि दोन-तीन पदरी माळ दिवसभर घातली तर मान भरून येते, तेव्हा रोजच्या वापरासाठी एकपदरी माळ किंवा कानातलेच घ्यावे. मणी भाजलेल्या मातीचे असल्याने फरशीवर आपटले तर टवका उडणार, हेही गृहीत धरावे. लहान मुलीला भेट देण्यासाठी यांपेक्षा कापडी किंवा लाकडी वस्तू बरी.

भाव करण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींची येथे थोडी निराशा होईल, कारण किमती ठरलेल्या आहेत. घासाघीस करायचीच असेल तर शहरात वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या जागी भरणारा मसाई बाजार आहे. सिसलच्या म्हणजे घायपाताच्या धाग्याच्या विणलेल्या पिशव्या आणि पश्चिम केनियातील किसी भागातल्या मऊ दगडाच्या वस्तू तेथे स्वस्त पडतात, पण विणणाऱ्या बाईला त्यातले किती मिळाले हे समजायला मार्ग नसतो.

काझुरीला शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जावे, म्हणजे टेबले भरलेली दिसतात. रंगीत चिनी मातीची भांडीही येथे मिळतात आणि त्यांचा मोह आवरत नाही; ती घेतलीच तर कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवावीत, सामानात टाकू नयेत.