पायाखालचं पाणी अखेर सापडलं

गाडी १७ वर्षांची. पाऊस पडला की ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट चिंब. आधीच्या मेकॅनिकने न बघताच पुढच्या काचेभोवती सिलिकॉन थापलं होतं, फरक शून्य. या गॅरेजवाल्यांनी आधी ते पाणी बोटांवर चोळून पाहिलं. चिकट, गोडसर वासाचं असतं तर हीटरमधून गळणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव); हे साधंच पाणी निघालं. मग कार्पेट उचलून कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. एक जण टॉर्च घेऊन आत आडवा, दुसरा बाहेरून पाइपने खालून वर हळूहळू पाणी सोडतोय. पावडरीत ओघळ उमटला तो थेट ब्लोअरकडून, म्हणजे गाडीत हवा फेकणाऱ्या पंख्याकडून! वायपरखालच्या खाचेत कुजक्या पानांचा लगदा, पाणी जायचं भोकच बुजलेलं, म्हणून ते ब्लोअरवाटे आत. काम चोख. फक्त कार्पेटखालचा फोम वाळवायला ३ दिवस घेतले, आणि सीटचा एक बोल्ट मलाच आवळावा लागला.